कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा कधी, किती आणि कशानंतर

आमच्या ऐरोलीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवाळीच्या आगेमागे एक फोटो हमखास येतो. कोकोपीटनं, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुश्शानं, भरलेली ग्रो बॅग, त्यात वीतभर टोमॅटोचं रोप, पानांच्या कडा करपलेल्या, आणि खाली प्रश्न: “यात ट्रायकोडर्मा टाकू का?” ट्रायकोडर्मा म्हणजे मुळं कुजवणाऱ्या बुरशांना हटवणारी, पाकिटात मिळणारी उपयोगी बुरशी. लगेच चार जण चार बाटल्यांची नावं सुचवतात. मी हल्ली एकच उलटा प्रश्न विचारते, “कोकोपीट धुतलं होतं का?” बहुतेकदा उत्तर येतं, “धुवायचं असतं होय?”

मीही पहिली दोन वर्षं हेच केलं. दिसेल ती बाटली मागवली. झाडाला मदत करतात म्हणून विकले जाणारे जिवाणू आणि बुरशा, म्हणजे ॲझोटोबॅक्टर, पीएसबी, मायकोरायझा, ट्रायकोडर्मा, सगळं एका बादलीत कालवून कुंड्यांना घातलं. मिरच्या तशाच पिवळ्या राहिल्या. जिवाणू बिचारे करणार काय? खारट, उपाशी, उन्हात तापलेल्या भुश्शात मी त्यांना नेऊन सोडलं होतं. म्हणून खाली सांगते आहे ते त्याच क्रमानं करा. बाटली बरीच खाली येईल, आणि ते मुद्दामच आहे.

हा भुसा आहे, माती नाही

ग्रिलमध्ये झाडं लावणाऱ्यांना कोकोपीट आवडतं ते वजनामुळे. २० लिटरची बॅग ओल्या मातीनं भरली तर तीस किलोच्या पुढे जाते. कोकोपीटची तेवढीच बॅग पाणी प्यालेली असली तरी साधारण निम्म्यावर राहते. आमच्या बिल्डिंगच्या ग्रिल किती वर्षांच्या आहेत आणि समुद्राच्या हवेनं त्यांचं काय झालंय हे पाहिलं की हा मुद्दा लगेच पटतो. शिवाय कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या आठपट-नऊपट पाणी धरून ठेवतं.

पण ते नारळाच्या सोडणातला भुसा आहे. चमचाभर शेतमातीत कोट्यवधी जिवाणू असतात, त्यांना खायला कुजलेला पाला असतो, खनिजं असतात. कोकोपीटमध्ये आहे लिग्निन, म्हणजे लाकडाला लाकूडपण देणारा चिवट भाग, आणि पुष्कळ पालाश, म्हणजे पोटॅशियम. नत्र, म्हणजे नायट्रोजन, जवळजवळ नाहीच. कच्च्या कोकोपीटमध्ये कर्ब (कार्बन) आणि नत्राचं प्रमाण १००:१ च्या आसपास असतं. कुजवणाऱ्या जिवाणूंना ते २५ ते ३०:१ लागतं. मग ते कमी पडलेलं नत्र कुठून घेतात? तुम्ही झाडाला घातलेल्या खतातून. नुसत्या कोकोपीटमध्ये जिवाणू सोडले आणि झाड आणखी पिवळं पडलं, असं कुणी म्हटलं तर मला नवल वाटत नाही.

धुणं, आणि कॅल्शियमचं पाणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सोडणं मऊ करून काथ्या काढण्यासाठी ती खाडीच्या, बॅकवॉटरच्या खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने भिजत ठेवायची जुनी पद्धत आहे. नारळाचं झाडही समुद्राकाठचं. त्यामुळे भुश्शात सोडियम आणि पालाश दोन्ही मुरलेले असतात. पाकिटावर ‘लो ईसी’ लिहिलेलं असलं तरी मी ते वाचून सोडून देते आणि मीटर बुडवते. ईसी म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं मोजमाप. पेनासारखा साधा टीडीएस मीटर घेतलात तरी काम भागतं.

५ किलोचा ब्लॉक फुगून साधारण ६० ते ७० लिटर होतो. म्हणजे २० लिटरच्या चार बॅगा भरायला एक ब्लॉक पुरतो, कारण त्यात पुढे गांडूळखतही जाणार आहे. जुन्या टबात ब्लॉक ठेवा, २५ लिटर पाणी थोडं थोडं घाला, तासाभरात तो सुटतो. मग पाणी भरून हलवा आणि जुन्या साडीत किंवा कांद्याच्या गोणीत घालून निथळू द्या. निथळलेलं पाणी चहासारखं तांबूस येतं. दोन-तीनदा असं करा. शेवटच्या पाण्याचा आकडा तुमच्या नळाच्या पाण्यापेक्षा फार वर नसला की मीठ गेलं असं समजा.

सुटं मीठ गेलं, पण तेवढ्यानं भागत नाही. कोकोपीटच्या कणांवर ऋण भाराच्या जागा असतात आणि तिथे पालाश-सोडियम चिकटून बसलेले असतात. साध्या पाण्यानं ते हलत नाहीत. पुढे तुम्ही झाडाला कॅल्शियम दिलंत की कोकोपीट ते स्वतःकडे ओढून घेतं आणि बदल्यात पालाश सोडतं. झाडाला कॅल्शियम मिळतच नाही. टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो तो अनेकदा यामुळेच. उपाय असा की झाड लावण्याआधीच या जागा कॅल्शियमनं भरून टाकायच्या.

धुतलेल्या एका ब्लॉकसाठी २० लिटर पाण्यात ६० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवा. हे कृषी सेवा केंद्रात किलोच्या पिशवीत मिळतं. हवेतली ओल शोषून त्याचे गोळे होतात, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. याच पाण्यात १० ग्रॅम एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, घातलंत तर चांगलं. मात्र दोन्ही पूड एकत्र करून थोड्या पाण्यात कालवू नका, जिप्समचा गाळ बसतो. दोन्ही वेगवेगळी विरघळवून मोठ्या बादलीत ओता. कोकोपीट रात्रभर त्यात बुडवून ठेवा, सकाळी निथळा, एकदा साध्या पाण्यानं हलकं विसळा. झालं.

अंड्याची टरफलं घालून कॅल्शियम मिळेल का, असं प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतं. टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते कुंडीत विरघळायला महिने लागतात. तोवर तुमचे टोमॅटो संपलेले असतात. चुलीची किंवा होळीची राख तर कोकोपीटमध्ये घालूच नका. आधीच जास्त असलेल्या पालाशात आणखी पालाश, आणि पीएच वर.

नळाचं पाणी

नवी मुंबईच्या बऱ्याच भागाला मोरबे धरणाचं आणि ठाण्याला बऱ्याच अंशी भातसा-उल्हास नद्यांचं पाणी येतं. पावसाचं साठलेलं पाणी, म्हणून ते बहुधा मऊ, कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी. कोकोपीटवाल्यांनी हे लक्षात ठेवायचं, कारण विहिरीच्या जड पाण्यावर बाग करणाऱ्या गावच्या मंडळींना जे कॅल्शियम फुकट मिळतं ते आपल्याला बाहेरून द्यावं लागतं. तुमच्या सोसायटीत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी मिसळत असेल तर चित्र वेगळं, तिथे मीटर सांगेल तेच खरं.

दुसरी गोष्ट क्लोरीनची. पिण्याच्या पाण्यात नळापर्यंत थोडं क्लोरीन शिल्लक राहिलं पाहिजे, तेच त्याचं काम: जिवाणू मारणं. त्याच पाण्यात तुम्ही जिवाणूंची पूड कालवता. बादली उघडी ठेवून रात्रभर, शक्यतो २४ तास, तशीच राहू द्या. क्लोरीन उडून जातं. मी जिवाणू घालायच्या आदल्या संध्याकाळी बादली भरून ठेवते आणि तिच्यावर डास बसू नयेत म्हणून जुनी ओढणी टाकते.

आरओ मशीनमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी कुंड्यांना घालण्याचा मोह होतो. त्याचा टीडीएस नळाच्या पाण्यापेक्षा जास्त असतो. मातीतल्या झाडांना कधीमधी चालेल, कोकोपीटला नको.

जिवाणूंसाठी घर भरणं

आता मिश्रण. २० लिटरच्या एका बॅगेला मी साधारण १२ लिटर तयार कोकोपीट, ५ लिटर गांडूळखत आणि ३ लिटर परलाईट (हलके, पांढरे खनिजाचे खडे) किंवा भाताचं तूस घेते. तूस पनवेल-कर्जतकडच्या भातगिरणीतून पोतंभर आणलं तर दोन वर्षं पुरतं, आणि हवा खेळती राहायला परलाईटइतकंच उपयोगी पडतं. वर ५० ग्रॅम निंबोळी पेंड. वांगी-मिरचीला दोन मुठी हाडांचा चुरा घालायला हरकत नाही, पण तो हळू लागतो.

गांडूळखत निवडताना हातात घेऊन वास घ्या. पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा मातीचा गंध यायला हवा. तो गंध ॲक्टिनोमायसिट्स नावाच्या जिवाणूंमुळे येतो, म्हणजे खतात जीव आहे. आंबट किंवा सडका वास आला तर पिशवी परत. पिशवीत नुसती काळी माती आणि शेणाची भुकटी भरलेली मीही घेतली आहे. पाण्यात टाकली की रेती तळाशी बसते, तेव्हा कळतं.

निंबोळी पेंड ताजी घातली की आठवडाभर मिश्रण किंचित तापतं आणि वर पांढरी बुरशी धरते. घाबरू नका, ती पेंड खाणारी बुरशी आहे, झाड खाणारी नाही. पण म्हणूनच मिश्रण करून लगेच रोप लावायचं नाही. दहा-पंधरा दिवस ओलसर, सावलीत ठेवायचं. आणि याच दहा-पंधरा दिवसांत पहिल्यांदा ट्रायकोडर्मा येतो.

ट्रायकोडर्मा आधी वाढवा, मग घाला

ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे. ती इतर बुरशांच्या धाग्यांना वेढते, त्यांच्या भिंती विरघळवणारी विकरं सोडते आणि मुळांभोवतीची जागा आधी बळकावते. रोपं कोलमडवणाऱ्या, मुळं कुजवणाऱ्या बुरशांना मग तिथे जागा उरत नाही. हे सगळं आधी व्हावं लागतं. झाड मान टाकल्यावर ट्रायकोडर्मा घालणं म्हणजे चोर निघून गेल्यावर दाराला कुलूप.

पूड थेट कुंडीत न टाकता तिला खायला देऊन वाढवायची, ही शेतकऱ्यांची जुनी युक्ती. ते शेणखताच्या गाडीवर करतात, आपण बादलीत. साडेचार किलो गांडूळखत, अर्धा किलो निंबोळी पेंड, ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा पूड. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये इतकं ओलं करा. ओल्या गोणपाटानं झाका, सावलीत ठेवा, दोन-तीन दिवसांनी खालीवर करा. आठ-दहा दिवसांत आधी पांढरे धागे आणि मग हिरवट ठिपके दिसू लागतात. हिरवं दिसलं की लोक बुरशी लागली म्हणून फेकून देतात. ट्रायकोडर्माचे बीजाणू हिरवेच असतात! हेच पाच किलो मग चार-पाच बॅगांत वाटून मिसळायचं. ५ लिटर गांडूळखत म्हणजे अंदाजे अडीच-तीन किलो, तेव्हा बॅगेमागे किलोभर या बादलीतलं आणि बाकीचं साधं गांडूळखत असा हिशोब बसतो.

इतर मंडळी: कोण कामाचं, कोण नाही

दुकानदार इथे तुम्हाला सहा बाटल्या देईल. मातीसाठी त्या ठीक असतील, कोकोपीटसाठी प्रत्येकीला विचारा: बाई, तू इथे काय विरघळवणार आहेस?

पीएसबी, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू. शेतात मातीशी घट्ट बांधलं गेलेलं स्फुरद ते मोकळं करतात. नुसत्या कोकोपीटमध्ये असं बांधलेलं स्फुरद नसतंच. तुम्ही हाडांचा चुरा किंवा रॉक फॉस्फेट घातलं असेल तरच पीएसबीला काम आहे.

पालाश विरघळवणारे, केएमबी नावाने मिळणारे. कोकोपीटमध्ये पालाश आधीच जास्त, तेच धुऊन काढायला आपण रात्र घालवली. हे घालणं म्हणजे खाडीत मीठ टाकणं. घेऊ नका.

ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम. हवेतलं नत्र थोडं फार पकडतात आणि मुळं वाढवणारी द्रव्यं सोडतात. कुंडीतल्या टोमॅटोची भूक त्यावर भागत नाही. गांडूळखत भरपूर असलेल्या बॅगेत ते तग धरतात. घेतलंत तर पूरक म्हणून घ्या, खत म्हणून नाही.

स्युडोमोनास आणि बॅसिलस सबटिलिस. ट्रायकोडर्माच्या जोडीला यांतलं एक मी ठेवते. मुळांवर वस्ती करून ते रोगकारक जिवांची जागा आणि लोह हिरावतात, झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतात. दोघांत एक फरक आहे जो बाटलीवर लिहिलेला नसतो: बॅसिलस कवचाचे बीजाणू बनवतो, स्युडोमोनास बनवत नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या टेम्पोतून आलेल्या पाकिटात बॅसिलस जिवंत असण्याची शक्यता जास्त. म्हणून उन्हाळ्यात बॅसिलस, थंडीत कुठलंही.

मायकोरायझा. मुळांना चिकटून राहणारी ही बुरशी धाग्यांनी लांबचं स्फुरद आणून देते. रोप लावताना मुळाला थेट लागेल अशी घालावी लागते, कारण जिवंत मुळाशिवाय ती वाढत नाही. पालक, बीट, मुळा, मोहरी, कोबी-फ्लॉवर यांच्याशी तिचं जमत नाही, तिथे पैसे वाया. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, काकडी यांच्याशी जमतं. पण कुंडीत मुळं महिन्याभरात भिंतीला टेकतात, ‘लांबचं’ असं काही उरतच नाही. आणि विद्राव्य स्फुरद भरपूर दिलंत तर झाड तिला दाराबाहेर ठेवतं. माझ्या मते नवख्यानं ही शेवटी घ्यावी.

रायझोबियम, म्हणजे शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र पकडणारे जिवाणू, मात्र आवर्जून घ्या, जर वाल, चवळी किंवा मेथी लावणार असाल तर. आपल्याकडे भात काढल्यावर वाल पेरतात त्या शेतात या जिवाणूंची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची असते, कुणी मुद्दाम घालत नाही. कोकोपीटमध्ये एकही नसतो. पहिल्या वर्षी मी वाल लावले, शेंगा आल्या, पण उपटून पाहिलं तर मुळांवर गाठीचा पत्ता नाही. पेणची आत्या म्हणाली, “अगं, आमच्या शेतातली मूठभर माती ने की.” नेली, आणि पुढच्या वर्षी गाठी आल्या. पण त्याच मातीतून सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी, येऊ शकतात, म्हणून आता मी पाकीटच घेते. चवळी-वालाचं रायझोबियम एका गटातलं, मेथीचं वेगळं, लसूणघासाला चालतं ते. पाकिटावर पीक पाहून घ्या. बियाणं गुळाच्या पाण्यानं किंचित ओलं करून पूड चोळायची, सावलीत अर्धा तास सुकवायची, पेरायची. महिन्या-सव्वा महिन्यानं एक रोप उपटून गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे. नत्राचं खत जास्त झालं तर गाठी येत नाहीत, झाड कशाला पोसेल?

पाकीट घेताना

जिवाणू खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेश, १९८५ खाली येतात. पूड असेल तर ग्रॅममागे किमान ५ कोटी आणि द्रवरूप असेल तर मिलीमागे किमान १० कोटी जिवंत पेशी असायला हव्यात. लेबलवर हे सीएफयू म्हणून लिहिलेलं असतं. ट्रायकोडर्मा रोगनियंत्रणासाठी विकतात म्हणून तो कीटकनाशक कायदा, १९६८ खाली नोंदवला जातो. ‘ट्रायकोडर्मा विरिडी १ टक्का’ पुडीचा आकडा ग्रॅममागे २० लाख असतो. दोन आकड्यांची तुलना करून “हे कमी ताकदीचं” असं समजू नका.

मी मात्र आकड्याआधी तारीख आणि दुकानाचा कोपरा पाहते. पुडीचं आयुष्य साधारण सहा महिने, द्रवरूपाचं वर्षभर किंवा थोडं जास्त. एका दुकानात बाटल्या काचेच्या शोकेसमध्ये, पश्चिमेच्या उन्हात मांडलेल्या होत्या. मी घेतली, घरी येऊन उघडली तर कुजकट वास. पैसे गेले. तेव्हापासून आतल्या खोक्यातली बाटली मागते. नर्सरीपेक्षा कल्याण-पनवेलकडच्या कृषी सेवा केंद्रात माल ताजा मिळण्याची शक्यता जास्त, कारण तिथे तो खपतो. घरी आणल्यावर अंधाऱ्या, थंड कप्प्यात ठेवा. फ्रीजच्या खालच्या खणात चालेल, फ्रीजरमध्ये नको. आणि घरच्यांना सांगून ठेवा. आमच्याकडे एकदा ती ताकाची बाटली समजली गेली होती.

लावणी आणि आळवणी

रोप लावताना लिटरभर पाण्यात १० ग्रॅम ट्रायकोडर्मा किंवा स्युडोमोनास कालवून मुळं पंधरा-वीस मिनिटं बुडवा आणि लगेच लावा. पुढे तीन-चार आठवड्यांनी आळवणी करायची, म्हणजे ते पाण्यात कालवून मुळाशी ओतायचं: पूड असेल तर लिटरला ५ ते १० ग्रॅम, द्रवरूप असेल तर ५ मिली, २० लिटरच्या बॅगेला लिटरभर पाणी पुरे. सूर्य मावळल्यावर, आणि कोकोपीट आधीच ओलसर असताना. कोरड्या, तापलेल्या बॅगेत घातलेलं पाणी कडेनं वाहून जातं आणि ऊन जिवाणूंना मारतं.

ट्रायकोडर्मा आणि जिवाणूंची बाटली एकाच दिवशी मी घालत नाही. काही जाती एकमेकांना त्रास देतात, कुठल्या देतात हे पाकिटावरून कळत नाही, मग आठवड्याचं अंतर ठेवलेलं बरं. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, तांबेयुक्त औषधं, हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा वापर झाला असेल तर पंधरा दिवस थांबा.

आणि खत? ते द्यावंच लागतं. गांडूळखतावर पालेभाजी निघते, टोमॅटो निघत नाही. रोप लागल्यावर आठवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विद्राव्य खत) लिटरला १ ग्रॅम, पुढच्या आठवड्यात कॅल्शियम नायट्रेट लिटरला १ ग्रॅम, असं आलटून पालटून. दोन्ही एका पाण्यात नको, स्फुरद आणि कॅल्शियम मिळून गाळ होतो. रासायनिक खतानं जिवाणू मरतात असं सरसकट सांगितलं जातं. एवढ्या पातळ मात्रेत तसं होत नाही. मूठ-मूठ युरिया टाकलात तर जिवाणूच काय, झाडही जाईल. ह्युमिक आणि समुद्री शेवाळाच्या अर्कानं नुकसान नाही, पण पहिल्या वर्षीचे पैसे त्यापेक्षा गांडूळखतावर घाला.

गुळाची गोष्ट

“जिवाणूंना गूळ द्या, ते वाढतात.” खरं आहे. म्हणून मी एकदा लिटरला २० ग्रॅम गूळ घातला. तिसऱ्या दिवशी ग्रिलमध्ये मुंग्यांची रांग, कुंड्यांवर काळी चिलटं, आणि बॅगेला आंबूस वास. गोड मिळाल्यावर जिवाणू एकदम माजतात, हवा संपवतात, मुळं गुदमरतात. लिटरला १-२ ग्रॅम पुष्कळ, तेही महिन्यातून एकदा.

जीवामृत घरी करायचं असेल तर २ लिटरला १०० ग्रॅम शेण, १०० मिली गोमूत्र, २० ग्रॅम गूळ, २० ग्रॅम बेसन आणि चिमूटभर बांधावरची माती हे प्रमाण. दोन दिवस सावलीत, दिवसातून दोनदा ढवळून, गाळून, दहापट पाण्यात. आठवड्याच्या आत संपवा. कच्ची खायची कोथिंबीर-पुदिना असेल तर पानांवर अजिबात नको, शेणातले पोट बिघडवणारे जिवाणूही तिथे जातात. आणि बॅगेखाली ताटली ठेवा. मी ठेवली नव्हती. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या पांढऱ्या चादरीवर ते ठिबकलं, आणि पुढचे दोन महिने त्या मला लिफ्टमध्ये भेटल्या की फक्त छताकडे बघायच्या.

पावसात आणि मे महिन्यात

आपल्याकडे चार महिने कोकोपीट सुकतच नाही. पाणी साठलं की पिथियमसारखी मूळकूज आणणारी बुरशी जोर धरते आणि ट्रायकोडर्माला हवा मिळत नाही. मी मेअखेरीस एक आळवणी करून घेते, बॅगा भिंतीच्या आत सरकवते आणि जून-जुलैत बोट खुपसून दोन पेरं कोरडं लागेपर्यंत पाणी घालत नाही. चिलटं झाली तर वर बोटभर जाडीचा रेतीचा थर आणि पिवळे चिकट सापळे. पावसानं खतही वाहून जातं, म्हणून उघडीप मिळाली की पातळ खत.

मे महिन्यात पश्चिमेच्या ग्रिलमधल्या काळ्या कुंडीला दुपारी हात लावून पाहा. चाळिशीच्या वर तापमान गेलं की आतले बरेच जीव झोपतात किंवा मरतात. कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळा, वर नारळाच्या शेंड्यांचं आच्छादन घाला.

आणि एक आजार, ज्यात कुठलीच बाटली कामाची नाही. वांगं-टोमॅटो हिरवंगार असताना दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरतं, दोन दिवसांत कायमचं बसतं. खोड तिरपं कापून पाण्याच्या ग्लासात उभं धरा. दुधाळ धागा खाली उतरताना दिसला तर तो जिवाणूजन्य मर रोग, कोकणात नेहमीचा. त्यावर ट्रायकोडर्मा घालत बसू नका. रोप आणि त्या बॅगेतलं सगळं कोकोपीट पिशवीत बांधून बाहेर, कात्री उकळत्या पाण्यातून काढा.

जुनं कोकोपीट

रोग नसेल तर एका हंगामानंतर फेकायचं नाही. जाड मुळं काढा, बारीक राहू द्या, ती ट्रायकोडर्माचं अन्न आहे. दोनदा धुवा, कॅल्शियमचं पाणी पुन्हा एकदा, मग पाचवा हिस्सा नवं गांडूळखत, थोडी पेंड आणि बादलीत वाढवलेला ट्रायकोडर्मा घालून तीन आठवडे झाकून ठेवा. दुसऱ्या वर्षीचं कोकोपीट पहिल्या वर्षीपेक्षा चांगलं चालतं, असा माझा अनुभव आहे. ते थोडं कुजलेलं असतं, भुश्शाचं मातीकडे सरकलेलं. कॉयर बोर्ड या काथ्या उद्योगाच्या सरकारी मंडळाच्या, केरळात अलप्पुळाजवळच्या कलवूर इथल्या संशोधन संस्थेनं तर प्लुरोटस या धिंगरी अळिंबीच्या मदतीनं कोकोपीटचंच खत करायची पद्धत बसवली आहे. जागा असेल, गच्ची असेल तर ती करण्यासारखी आहे. माझ्याकडे ग्रिल आहे.

तिसऱ्या-चौथ्या हंगामात मात्र ते पिठासारखं बारीक होतं आणि पाणी धरून बसतं. तेव्हा ते सोसायटीच्या आवारातल्या नारळाच्या किंवा जास्वंदीच्या आळ्यात टाका. धुतानाचं पाणी बाल्कनीच्या पाइपात सोडताना जाळी लावा. हा भुसा पाइपात फुगून बसला की प्लंबर येतो आणि सेक्रेटरीही.